नवा घडीचा चाकू रुळवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा घडीचा चाकू हातात आला की बहुतेकांचा पहिला अनुभव सारखाच असतो. पातं घट्ट. उघडताना नख दुखतं, मध्येच कुठेतरी खरखर लागते आणि बंद करायला गेलं तर लॉक अंगठ्याला दाद देत नाही. लगेच वाटतं, माल खराब आला. माल बहुधा चांगलाच असतो, फक्त अजून रुळलेला नसतो. खालच्या उत्तरांत एकच क्रम पुन्हा पुन्हा येईल : आधी सफाई, मग तेल, मग हाताने चालवणं, मग स्क्रू, आणि घासकाम सगळ्यात शेवटी, तेही गरज उरली तरच. हा क्रम उलटा करून मी एक चांगला चाकू कायमचा बिघडवला आहे. त्याची हकिकत पुढे येईल.

नवा चाकू इतका घट्ट का असतो?

पातं ज्याच्याभोवती फिरतं तो आस हल्लीच्या बहुतेक चाकूंत स्क्रूचा असतो. पात्याचं बूड आणि मुठीच्या आतल्या पट्ट्या यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना वॉशर किंवा बेअरिंग असतं. नव्या वॉशरवर आणि पात्याच्या बुडावर यंत्रकामाचे बारीक ओरखडे राहिलेले असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण फिरताना एकमेकांत अडकतात. त्यातच गंज लागू नये म्हणून कारखान्यात लावलेलं जाडसर तेल असतं आणि त्या तेलात पॉलिशची धूळ. स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून आट्यांना लावलेला थ्रेडलॉकर कधीकधी ओघळून थेट आसावर येतो आणि तिथेच सुकतो. मग पातं चिकटल्यासारखं चालतं.

लायनर लॉकच्या, म्हणजे मुठीच्या आतली पट्टी आडवी येऊन उघडं पातं धरते अशा चाकूत आणखी एक कारण असतं. लॉकच्या पट्टीवर एक बारीक टणक गोळी बसवलेली असते, तिला डिटेंट म्हणतात. पातं बंद असताना ती बुडातल्या छोट्या खळग्यात बसते आणि खिशात पातं उघडू देत नाही. पातं उघडताना हीच गोळी बुडावर घासत जाते. काही दिवस वापरलेल्या चाकूच्या बुडावर चंद्रकोरीसारखी एक चकचकीत रेघ दिसते, ती या गोळीची वाट. ही वाट पडली की चालीत निम्मा फरक पडतो. रेघ पाहून चाकूला ओरखडा आला म्हणून घाबरू नका.

रुळवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

पहिल्या संध्याकाळी धारेवर कागदी चिकटपट्टीचा एक पदर लावा. शेकडो वेळा उघडझाप करताना लक्ष कधी ना कधी ढळतंच आणि नव्या चाकूची धार माफ करत नाही. पट्टीचे दोन पदर लावलेत तर पातं खाचेत बसणार नाही, म्हणून एकच.

मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून, जुन्या टूथब्रशने सांध्याची सफाई करा. पातं पाण्यातच दहावीस वेळा उघडबंद करा. मूठ लाकडाची असेल तर मात्र पाणी लावू नका, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. धुतलेला चाकू झटकून, पुसून, पंख्याखाली नीट वाळवा. सांध्यात पाणी राहिलं तर दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग दिसेल.

वाळल्यावर सांध्याच्या दोन्ही बाजूंना तेलाचा एकेक थेंब सोडा आणि चालवायला लागा. पन्नासेक वेळा झालं की सांध्यातून काळपट तेल बाहेर येईल. ते काळं म्हणजे झिजून निघालेली धातूची पूड. ती पुसून टाका, नवा थेंब सोडा, पुन्हा चालवा. तेल स्वच्छ यायला लागेपर्यंत हे करायचं. पूड आत ठेवून चालवत राहिलात तर तीच आतून घासत बसते.

किती वेळा उघडबंद करावा लागतो?

ठरलेला आकडा नाही. माझ्या हातातल्या, फॉस्फर ब्राँझचे वॉशर असलेल्या चाकूंना दोनतीनशे वेळांनंतर फरक जाणवला आणि आठवडाभराच्या रोजच्या वापरात ते खरे मऊ झाले. नायलॉन किंवा टेफ्लॉनचे वॉशर पहिल्यापासूनच बऱ्यापैकी गुळगुळीत असतात, त्यांच्यात पुढे फारसा बदल होत नाही. एका बैठकीत हजार वेळा करण्यापेक्षा आठ दिवस रोज थोडं करा. अंगठाही शाबूत राहतो.

झटका देऊन उघडलं तर लवकर रुळेल का?

नाही. झटक्याने वॉशर घासले जात नाहीत, फक्त पातं थांबण्याच्या खिळीवर जोरात आपटतं. लायनर लॉक असेल तर पट्टी दर वेळी ठोका बसल्यासारखी आत जाते आणि गरजेपेक्षा लवकर झिजते. सावकाश, पात्याच्या पूर्ण फेरीत सारखा दाब ठेवून उघडा. खरखर नेमकी कुठे आहे तेही अशा संथ चालीतच कळतं.

कोणतं तेल वापरावं? घरातलं खोबरेल चालेल का?

खोबरेल नको. पुण्या-नाशिकच्या थंडीत बाथरूममधली खोबरेलाची बाटली गोठते, तेच तेल चाकूच्या सांध्यातही गोठणार. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल गोठत नाही, पण हवेने हळूहळू चिकट होतं आणि काही महिन्यांत सांध्यात डिंकासारखा थर बसतो. कढईच्या कडेला वर्षानुवर्षं साचलेला तो पिवळा चिकटा आठवा. तसाच.

शिलाई मशीनचं तेल उत्तम. पातळ असतं, कोणत्याही गावात मिळतं, स्वस्त असतं. पण चाकूने फळं, भाकरी, चीज कापणार असाल तर औषधाच्या दुकानातून साधं लिक्विड पॅराफिन आणा. पोट साफ होण्यासाठी देतात तेच, फक्त रंग-चव घातलेलं नको. ते अन्नाला लागलं तरी चिंता नाही, कुबट होत नाही आणि वर्षभर टिकतं. माझ्या सगळ्या चाकूंना मी हेच वापरतो.

डब्ल्यूडी-४० या गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याबद्दल नेहमी विचारलं जातं. चिकटलेली घाण सोडवायला ते छान आहे, पण त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहणारा थर फार पातळ असतो. सफाईसाठी वापरा, पुसून टाका आणि नंतर खरं तेल घाला. रॉकेल किंवा पेट्रोलने धुणारेही पाहिले आहेत. खाण्याच्या वस्तूला तो वास कशाला?

तेल किती? सुईच्या टोकावर मावेल तेवढं. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ, आणि खिशातला धागादोरा त्यावर येऊन चिकटतो.

आसाचा स्क्रू सैल केला की लगेच मऊ होतो. मग एवढा खटाटोप कशाला?

स्क्रू सैल करून मिळालेली मऊ चाल उसनी असते. पातं हलकं फिरतं, पण त्याच वेळी डावी-उजवीकडे डुगडुगायला लागतं. म्हणून स्क्रूला हात सफाई, तेल आणि चारपाच दिवसांच्या वापरानंतर लावायचा.

आधी योग्य टोकाचा स्क्रू ड्रायव्हर हवा. बहुतेक आधुनिक चाकूंना टॉर्क्स म्हणजे सहा पाकळ्यांचं टोक लागतं. आसाला बहुधा टी-८ किंवा टी-१०, बाकीच्या छोट्या स्क्रूंना टी-६. मोबाइल दुरुस्तीच्या स्वस्त संचातली टोकं मऊ असतात. ती फिरली की स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग तो स्क्रू कशालाच दाद देत नाही. चांगल्या टोकावर चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

स्क्रू हलत नसेल तर जोर लावू नका. थ्रेडलॉकर धरून बसला असेल. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने स्क्रूच्या डोक्याला थोडा वेळ ऊब द्या, मग फिरवून पाहा. मूठ लाकडाची किंवा प्लास्टिकची असेल तर इथे फार जपून. उष्णता डोक्यालाच लागली पाहिजे, आजूबाजूला नाही.

फिरवायचं ते पूर्ण फेऱ्याचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही. प्रत्येक वेळी पातं उघडून लॉक करा, मूठ घट्ट धरा आणि पात्याला चपट्या बाजूने चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचितही हललं तर परत आवळा. डुगडुग सुरू होण्याच्या अगदी अलीकडची जागा ही त्या चाकूची जागा. काही चाकूंत ती नेमकी सापडायला पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्या. सापडली आणि स्क्रू तिथे टिकत नसेल तर आट्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे लॉक्टाइट २४२ किंवा तत्सम, अगदी लहान ठिपका द्या. लाल प्रकार नको, तो पुन्हा सोडवताना नाकी नऊ येतात.

पातं वर-खाली हलत असेल तर तो दोष लॉकचा. आसाचा स्क्रू कितीही आवळा, तो जाणार नाही. नव्या चाकूत असं दिसलं तर सरळ परत करा.

बंद केल्यावर पातं मधोमध बसत नाही, एका बाजूला झुकतं.

पातं आतल्या पट्टीला घासत नसेल तर सोडून द्या. घासत असेल तर मुठीचे बाकीचे स्क्रू थोडे सैल करा, पातं बंद ठेवून मूठ हाताने हलकी पिळून मध्य साधा आणि स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळत आणा.

लॉक सोडताना चिकटतं, अंगठ्याला कळ लागते.

टायटॅनियमच्या पट्टीचं लॉक स्टीलच्या पात्यावर टेकतं तिथे हे नेहमी होतं, कारण टायटॅनियमला दुसऱ्या धातूला चिकटून ओरबाडण्याची खोड आहे. लॉकची पट्टी पात्याच्या बुडाला जिथे टेकते त्या जागी मऊ पेन्सिलीने, ४बी किंवा ६बीने, चांगलं गिरवा. परमनंट मार्करची शाईही चालते. काही दिवस आवाज आणि चिकटपणा कमी होतो, तोवर ते दोन पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात.

त्या जागी तेल मात्र घालू नका. लॉक टिकतं ते तिथल्या घर्षणावर. तिथे तेल गेलं तर जोर पडताना पट्टी सरकू शकते आणि पातं बोटांवर मिटू शकतं. सांध्यातलं तेल ओघळून तिथे आलं असेल तर अल्कोहोलने पुसून काढा.

वॉशर पॉलिश केले तर? टूथपेस्ट, ब्रासो वगैरे?

माझी हकिकत इथली. पहिल्या काही चाकूंपैकी एकाला खरखर होती. मला धीर नव्हता. चाकू सुटा न करता मी त्याच्या सांध्यात पॉलिशची पेस्ट भरली आणि तो तासभर चालवला. सुरुवातीला चाल खरंच सुधारली, मला फार आनंद झाला. मग सगळं धुतलं, तेल घातलं. आठवडाभरात काळं तेल पुन्हा यायला लागलं, आणि ते कधी थांबलंच नाही. ब्राँझ मऊ धातू आहे. पेस्टमधले कण त्यात रुततात, धुऊन निघत नाहीत आणि समोरच्या पात्याला कायम कुरतडत राहतात. वर्षभरात त्या चाकूला अशी डुगडुग आली की स्क्रू आवळून पातं हलेना आणि सोडून टिकेना. तो चाकू भेट मिळालेला होता, म्हणून जास्त लागलं.

तेव्हा जोडलेल्या चाकूत कसलीही पेस्ट नको. टूथपेस्टही घासणारीच असते.

महिनाभर वापरूनही खरखर राहिलीच तर वॉशर बाहेर काढून, वेगळे घासता येतात. सपाट काचेच्या तुकड्यावर १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा, वॉशर बोटाच्या पेराने दाबून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, मग २००० नंबरवर तसंच. दोन्ही बाजू, दोन्ही वॉशर, सारखेच फेरे. ओरखडे जाईपर्यंतच. वॉशर पातळ करायचा नाही. नंतर साबणाने धुवा, अल्कोहोलने पुसा, पांढऱ्या कापडावर घासून बघा. कापड स्वच्छ राहिलं तरच परत बसवा.

डिटेंटच्या गोळीला मात्र कधीही हात लावू नका. ती घासून चाल हलकी होते हे खरं, पण बंद पात्याला धरून ठेवणारी तीच एक वस्तू आहे. ती गेली की चाकू खिशात उघडू शकतो.

बेअरिंगचा चाकूही रुळवावा लागतो का?

फारसा नाही. बेअरिंगच्या गोळ्या कारखान्यातूनच गुळगुळीत येतात. बेअरिंगचा नवा चाकू घट्ट असेल तर बहुधा स्क्रू जास्त आवळलेला असतो किंवा आत कचरा असतो. कचऱ्याच्या बाबतीत बेअरिंग वॉशरपेक्षा नाजूक. वाळूचा एक कण ब्राँझ पचवतो, बेअरिंग नाही. समुद्रकिनारी नेणार असाल तर वॉशरचा चाकू न्या.

पूर्ण सुटा करून साफ करू का?

पहिल्या महिन्यात नको. काही उत्पादकांची हमी चाकू उघडला की संपते, ते आधी वाचून घ्या. उघडायचाच असेल तर काठ असलेलं स्टीलचं ताट घ्या, त्यात पांढरा पंचा अंथरा आणि त्यावर काम करा. गोळी उडाली तरी ताटात राहते. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. कोणता वॉशर डावा, कोणता उजवा, कोणती बाजू पात्याकडे, हे लक्षात राहील असं वाटतं पण राहत नाही.

स्विस चाकूला स्क्रूच नाही. तो कसा रुळवायचा?

स्वित्झर्लंडमधल्या इबाखचा व्हिक्टोरिनॉक्स घ्या. कार्ल एल्झेनरने १८८४ मध्ये तिथे कारखाना काढला, १८९७ मध्ये ऑफिसरच्या चाकूची नोंदणी केली. आजही त्या चाकूची हत्यारं रिव्हेटवर फिरतात आणि पाठीमागची स्प्रिंग त्यांना जागेवर धरते. लॉक नाही, फक्त स्प्रिंगचा ताण. म्हणजे इथे घट्टपणा हा दोष नसून रचनेचा भाग आहे. तो फार कमी व्हावा अशी इच्छाच धरू नका.

कोमट पाण्यात बुडवून प्रत्येक हत्यार चारदोनदा उघडबंद करा, वाळवा आणि हत्यार जिथे स्प्रिंगवर टेकतं तिथे एक थेंब तेल सोडा. चांगली स्प्रिंग उघडताना आणि मिटताना स्पष्ट टक्क असा आवाज देते. तो दबलेला असेल तर आत घाण आहे असं समजा. रिव्हेटवर हातोडी मारून सैल-घट्ट करण्याचे सल्ले ऐकू नका, मूठ तडकते.

अमेरिकेचा बक ११० किंवा तशा पाठलॉकच्या, म्हणजे मुठीच्या पाठीवरची दांडी दाबून लॉक सोडायच्या चाकूतही हेच. फक्त तिथे एक थेंब लॉकची दांडी ज्या खिळीवर डोलते तिथेही द्यायचा.

ओपिनेल पावसाळ्यात उघडतच नाही. खराब झाला का?

नाही, तो फुगला आहे. हा प्रश्न कोकणातून, गोव्यातून आणि जूननंतर सगळीकडूनच येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ओपिनेल हा फ्रान्सच्या आल्प्समधल्या साव्वा प्रांताचा चाकू. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये तो बनवायला सुरुवात केली. शेतकऱ्याचा, गुराख्याचा साधा चाकू : लाकडाची एकसंध मूठ, तिला करवतीने पाडलेली खाच, त्या खाचेत पातं, वर धातूचं कडं. १९५५ मध्ये त्यावर फिरणारं लॉकचं कडं आलं. मूठ बहुधा बीचच्या लाकडाची असते. या चाकूत वॉशर नाहीत, पातं थेट लाकडाच्या दोन भिंतींमध्ये फिरतं. लाकडाने ओल शोषली की भिंती जवळ येतात आणि पातं आवळलं जातं. मे महिन्यात लोण्यासारखा चालणारा चाकू जुलैत हट्ट धरून बसतो, त्यात नवल नाही. पावसाळ्यात आपल्या घरांचे दरवाजेही असेच चौकटीला घासतात.

अडकलेलं पातं काढायला तिकडच्या लोकांची एक जुनी युक्ती आहे, साव्वाकरांचा टोला म्हणा. कडं मोकळं करून मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच आपटायचं, पातं झटक्याने थोडं बाहेर येतं. मग ते चिमटीत धरायचं. पक्कडीने खेचू नका.

कायमचा उपाय हवा असेल तर आधी लाकूड पूर्ण सुकू द्या, सावलीत, हवेशीर जागी तीनचार दिवस. उन्हात किंवा ओव्हनमध्ये नाही, तडा जातो. सुकल्यावर पातं उघडा, धारेला पट्टी लावा आणि घडी घातलेला बारीक पॉलिश पेपर सांध्याजवळच्या खाचेत घालून दोन्ही भिंती अगदी हलक्या घासा. थोडंच. लाकूड परत चिकटवता येत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात ते आकसणार आहे हे लक्षात ठेवा. मग त्या उघड्या लाकडात जवसाचं तेल मुरवा. कापसाच्या काडीने एक हात, दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा एक हात, असे तीनचार दिवस. जवसाचं तेल हवेने सुकून लाकडात पक्कं होतं आणि ओलीला अडवतं. ते सुकतं म्हणूनच धातूच्या सांध्यात ते घालायचं नाही. तेल पूर्ण सुकलं की सांध्यात थोडं व्हॅसलीन भरा आणि चालवा.

एक गोष्ट गांभीर्याने सांगतो : जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कचऱ्यात टाकू नका. ती स्वतःहून तापते आणि पेट घेऊ शकते. दोरीवर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

कोकणात राहत असाल तर ओपिनेलचं स्टेनलेस पातं घ्या. कार्बन स्टीलचं पातं धार फार सुंदर धरतं, पण खाऱ्या हवेत रोज पुसावं लागतं. ज्यांच्या घरी अजून लोखंडी विळी आहे त्यांना हे सांगायला नको. कैरी चिरली की विळीचं पातं काळं पडतं. तसाच काळसर थर या पात्यावर येतो, तो चांगला असतो, गंजाला थोडा आळा घालतो. तपकिरी डाग मात्र लगेच घासून काढा, सांध्यातला तर आधी.

लॉक सोडल्यावर पातं आपोआप पडून बंद झालं पाहिजे ना?

व्हिडिओत तसं दाखवतात. मला ते चांगल्या चाकूचं लक्षण वाटत नाही. जड पातं हलक्या पात्यापेक्षा सहज पडतं, यात कारागिरीचा भाग थोडा आणि वजनाचा जास्त. ट्रेकवर थंडीने बधिर झालेल्या बोटांनी चाकू मिटताना पातं हळू, माझ्या ताब्यात यावं असंच मला वाटतं. चाल सगळीकडे सारखी आहे ना, मध्ये अडखळत नाही ना, हे पाहा.

असा चाकू जवळ बाळगायला परवाना लागतो का?

२०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा शस्त्रांत समावेश आहे, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाची हत्यारं वगळून. खिशातले चाकू याच्या खूप आत असतात. ओपिनेलच्या आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर आहे. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचा आदेश निघतो तेव्हा चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. सणासुदीच्या, निवडणुकीच्या दिवसांत चाकू घरी ठेवा. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका.

रुळलेला चाकू काही महिन्यांनी पुन्हा घट्ट झाला तर?

आंबा कापला होता का? फळाचा रस सांध्यात जाऊन सुकला की साखरेचा थर बसतो आणि चाकू नव्याहून घट्ट होतो. कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा, चालवा, वाळवा, एक थेंब तेल. लाकडी मुठीला भिजवायचं नाही, ओल्या काडीने सांधा पुसत राहा. आंबा नसेल तर खिशातला धागा असेल, तो लाकडी टूथपिकने निघतो. हापूसच्या दिवसांत माझ्या चाकूला दर रविवारी ही आंघोळ असते.